तिसरा मुद्दा

सुयश पाटोळेला उपदेश करता येत नाही असं जो म्हणेल त्याची जीभ झडेल. पुण्याच्या सेमिनरीत उपदेशाच्या विषयात तो पहिला आला होता आणि त्याचं मेडल नेरूळच्या वन-रूम-किचनमध्ये टीव्हीच्या डोक्यावर, आल्यागेल्याची नजर पडेल अशा बेताने ठेवलेलं होतं. प्रत्येक उपदेशाला तीन मुद्दे हवेत, अशी त्याच्या प्राचार्यांची शिकवण. पहिला मुद्दा पाया, दुसरा भिंती, तिसरा छप्पर. सुयशने ही शिकवण इतकी मनावर घेतली होती की बायकोशी भांडतानासुद्धा तो "पहिली गोष्ट म्हणजे" अशी सुरुवात करायचा. बायको नंदिनी एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. ती दुसऱ्या गोष्टीपर्यंत कशीबशी कळ काढायची आणि मग कुकर लावायला उठून जायची.

असं असूनही नेरूळच्या त्याच्या ख्रिस्ती मंडळीने गेल्या पावणेदोन वर्षांत त्याचा एकही तिसरा मुद्दा ऐकलेला नव्हता. याला कारण पुतळाआक्का.

पुतळाआक्का सत्तरीच्या, मूळच्या वाईकडच्या एका खेड्यातल्या. त्यांचे यजमान सिताराम हे मिशनचे गावप्रचारक होते. सायकलवर पाच गावं करायचे. माणूस देवमाणूस, पण एकदा बोलायला उभा राहिला की त्याला वेळेचं भान म्हणून राहायचं नाही. म्हशी गोठ्यात हंबरायच्या, पोरं पेंगायची, आणि सितारामांचा मोशे काही समुद्र ओलांडायचा नाही. शेवटी गावच्या पंचांनी ठराव केला की पुरेसं झालं म्हणजे बाईंनी आमेन म्हणावं. आक्का आमेन म्हणायच्या, मंडळी उभी राहायची, गीत सुरू व्हायचं, आणि सिताराम वाक्य आहे तिथे सोडून पवित्र शास्त्र मिटायचे. नवराबायकोचा हा संसार चाळीस वर्षं चालला. सिताराम गेले, पण रीत राहिली. आक्कांचा मुलगा हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून लागला, त्याच्यामागोमाग गावची बरीच ख्रिस्ती कुटुंबं नव्या मुंबईत आली आणि कांदा-लसणाच्या चटणीबरोबर त्यांनी ही रीतही आणली. नेरूळला मंडळी स्थापन झाली तेव्हा कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही.

विचारायला हवं होतं ते सुयशला, किंवा निदान सांगायला तरी. पहिल्याच रविवारी तो दुसऱ्या मुद्द्याच्या ऐन मध्यावर होता. "आणि म्हणून, प्रियजनहो," असं म्हणून त्याने श्वास घेतला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, डोक्यावरचा पदर सारखा करत, आक्कांनी सणसणीत "आऽऽमेन" म्हटलं. खडखड खुर्च्या वाजल्या. पेटीवर सूर लागला. सुयश बोट वर केलेल्या अवस्थेत उभा राहिला आणि मंडळी त्याच्याकडे पाहून प्रेमाने गाऊ लागली.

त्याने नाना उपाय केले. भराभर बोलून पाहिलं, तर आक्कांचं आमेनही लवकर आलं. तिसरा मुद्दा आधी घेऊन पाहिला, तर आधी घेतल्यामुळे तो पहिलाच झाला आणि आमेन नेमकं दुसऱ्यातच पडलं. एकदा धीर करून तो आक्कांशी बोलला.

"आक्का, थोडं थांबत चला ना. माझं अजून व्हायचं असतं."

"म्या कुटं थांबवती?" आक्का म्हणाल्या. "त्ये आपसूक येतंय. उचकी येती का न्हाई, तसं."

उचकीवर उपदेशशास्त्रात उपाय नव्हता. सुयशने न सांगितलेले तिसरे मुद्दे एका निळ्या फायलीत लावायला सुरुवात केली. ऐंशीच्या वर झाले. उपदेशाचा समारोप लिहिणं मात्र त्याने सोडूनच दिलं. जे ताटात पडणारच नाही ते शिजवायचं कशाला, असा त्याचा साधा हिशोब होता.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण सुयश अजून उमेदवार पाळक होता. त्याची दीक्षा व्हायची होती. दीक्षा नाही तोवर त्याला बाप्तिस्मा देता येत नव्हता, लग्न लावता येत नव्हतं, प्रभुभोजनाचा प्याला हातात घेता येत नव्हता. त्यासाठी दर महिन्याला मुंबईहून एक थकलेले वृद्ध पाळक येत आणि "काय, अजून उमेदवारच का?" असं न चुकता विचारत. गेल्या वर्षी त्याचा उपदेश ऐकायला एक वरिष्ठ पाळक आले होते. आक्कांनी नेहमीप्रमाणे दुसऱ्या मुद्द्यात आमेन म्हटलं. वरिष्ठांना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांनी अहवालात लिहिलं, "उमेदवाराचा विचार अर्धवट राहतो," आणि दीक्षा वर्षभर पुढे गेली. सुयशचे वडील मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं गेटवर होते. ते गावातल्या एसटीडी बूथवरून दर शनिवारी फोन करायचे. पहिलं वाक्य "सलाम बाळा" आणि दुसरं "झाली का रे दीक्षा?" अलीकडे शनिवारी घंटा वाजली की सुयश फोन नंदिनीला उचलायला लावायचा.

आणि आता, शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात, खुद्द बिशपसाहेब येणार होते. यंदाही अहवाल वाईट गेला तर सुयशची पाळकपणातून सुटका आणि एका तालुक्याच्या गावी बोर्डिंगच्या अधीक्षकपदी नेमणूक ठरलेली होती. म्हणजे आयुष्यभर मुलांच्या उवा आणि वरणातलं पाणी. नंदिनीची नोकरी जाणार ती वेगळीच.

मंडळीचे सेक्रेटरी रावसाहेब बनसोडे यांना बिशप येणार या बातमीने सात दिवस झोप नव्हती. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मानासाठी दोन मोठे स्पीकर भाड्याने ठरवले. उपासना व्हायची सारसोळ्याच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. हॉल छोटा, दोन स्पीकर आत बसेनात, म्हणून एक खिडकीत बाहेर तोंड करून ठेवायचं ठरलं. "येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानावरही वचन पडेल," रावसाहेब म्हणाले.

सुयशने आपला बेत कोणालाच सांगितला नाही. बिशप यायच्या आदल्या रविवारी, उपासनेनंतर, त्याने आक्कांना जिन्याखाली गाठलं.

"आक्का, एक विनंती होती. बिशपसाहेबांचं जेवण आमच्याकडे आहे. तुमच्या हातच्या मटणाला तोड नाही. तेवढं तुम्ही केलंत तर..."

"करते की. सकाळी लवकर यून करून ठिवते."

"नाही, तसं नको," सुयश घाईने म्हणाला. "गरमागरम हवं. उपासना चालू असतानाच करावं लागेल. नऊ ते साडेअकरा."

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं असं त्याला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. मटन आदल्या दिशी आणू नगा. सकाळचं आणा."

नंदिनीला कळलं तेव्हा ती इंजेक्शन देताना करायची तसा चेहरा करून म्हणाली, "अहो, म्हातारीला एका रविवारी गप्प बसा म्हणून खरं सांगता येत नव्हतं का? हे मटण कशाला मध्ये?"

"पहिली गोष्ट म्हणजे, त्या ऐकणार नाहीत. उचकी आहे ती. दुसरी गोष्ट म्हणजे, मी खोटं काहीच बोललो नाही. त्यांचं मटण खरंच चांगलं असतं. आणि तिसरी..."

नंदिनी कुकर लावायला गेली.

गुरुवारी बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. सर्व उमेदवारांना यंदा उपदेशासाठी बायबलमधला पाठ नेमून देण्यात येत होता आणि सुयशच्या वाट्याला आल्या होत्या मार्था आणि मरीया. त्या दोघी बहिणी. घरी प्रभू आलेला. मार्था स्वयंपाकघरात राबते, मरीया पायांपाशी बसून ऐकते. मार्था तक्रार करते की ही मला हातभार लावत नाही. प्रभू म्हणतो, हिने चांगला वाटा निवडलाय, तो हिच्यापासून कोणी काढून घेणार नाही. सुयश हरखून गेला. मुद्दे आयते पडलेले होते. मार्थाची धावपळ, मरीयेचं बसणं, आणि काढून न घेता येणारा वाटा. रात्रपाळीला निघालेल्या नंदिनीला त्याने पाठ वाचून दाखवला. तिने एकदा पत्राकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडे, आणि मग नवऱ्याकडे. "छान पाठ आहे," ती म्हणाली आणि चपला घालून गेली. सुयशला वाटलं, बाई प्रभावित झाली. डोळ्यांवर कातडं ओढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

रविवारी बिशपसाहेब नवाच्या ठोक्याला आले. थोराड देह, पांढराशुभ्र झगा, आणि डायबिटिसच्या माणसाची भुकेली, सावध नजर. आक्का समोरच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, सुयशच्या स्वयंपाकघरात पोहोचलेल्या होत्या. मंडळी झाडून सारी हजर होती. तिसऱ्या रांगेतली आक्कांची खुर्ची मात्र रिकामी होती आणि तिथे कोणी बसलं नव्हतं.

सुयश उभा राहिला. पहिला मुद्दा घाटातून उतरणाऱ्या एसटीसारखा सुरेख गेला. बिशपसाहेबांनी दोनदा मान डोलावली. रावसाहेबांनी ती मान डोलावणं मोजून घेतलं. दुसऱ्या मुद्द्यात तो मरीयेच्या बसण्यावर आला. ऐकणं हेही काम आहे, तो म्हणाला, आणि बहुतेक वेळा तेच मोठं काम असतं. एवढं बोलून तो सवयीने थांबला. मंडळीही सवयीने खुर्चीच्या कडेवर सरकली. पेटीवाल्याने भाता उघडला. आणि काहीच झालं नाही. लोकांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि पुन्हा मागे टेकून बसले. पेटीवाल्याने भाता मिटला.

सुयशच्या अंगावर काटा आला. समोर मोकळं मैदान होतं. "आणि आता," तो म्हणाला, "तिसरा मुद्दा."

मंडळीत कुजबुज झाली. पावणेदोन वर्षांत त्यांना माहीतच नव्हतं की असा काही प्रकार असतो.

गुरुवारी रात्री रंगात येऊन लिहिलेली वाक्यं सुयश कागदावरून आवेशात वाचू लागला. "कल्पना करा, प्रियजनहो! मरीया पायांपाशी बसली आहे. आणि कोणीतरी येऊन तिला गोड बोलून उठवतो. म्हणतो, बाई, तुझ्या हाताला चव आहे, तू आत जा. काय म्हणाल अशा माणसाला? तिचा वाटा त्याने चोरला नाही का? आणि तोही स्तुती करून!"

नेमक्या त्याच वेळी समोरच्या बिल्डिंगमधून कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात परतलेल्या मटणाचा वास हॉलभर आला.

सगळ्यांत आधी हौसेराव वर पाहू लागला. पाठीवर पोती वाहणारा माणूस, हुशारीचं त्याला वावडं, पण आईच्या फोडणीचा वास त्याला झोपेतही ओळखू आला असता. मग एकेका बाईची मान खिडकीकडे वळली. पहिल्या रांगेतल्या राहीबाईंनी तर सरळ तोंडाला पदर लावला. नंदिनी खाली पाहत होती.

सुयशने पुढचं वाक्य वाचायला तोंड उघडलं आणि ते त्याला वाचवेना. आपण काय लिहिलं ते त्याला आत्ता कळलं. माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी भर मंडळीत, दोन स्पीकरवर समजलं. त्याने कागद उलटला. मागे कोरं होतं. समारोप लिहायची सवयच मोडलेली.

"शेवटी," तो म्हणाला.

मंडळी थांबली.

"शेवटी, प्रियजनहो... म्हणजे समारोप करताना... शेवटी असं की..."

स्वतः आमेन म्हणून उतरावं तर पावणेदोन वर्षांत ते म्हणायची वेळच आली नव्हती. बाकी कोणी म्हणेल तर तेही शक्य नव्हतं, कारण आक्कांचं आमेन दुसऱ्याने म्हणायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून चूल पेटवण्यासारखं. तो बोलत राहिला. मार्थेवरून तो अब्राहामावर गेला, अब्राहामावरून नेरूळच्या पाणीपुरवठ्यावर आला. साडेअकरा वाजले. पावणेबारा झाले. बिशपसाहेब घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते आणि त्यात त्यांना घाम फुटला होता.

दारात पांढऱ्या कपड्यांतली वीसेक माणसं येऊन रांगेत उभी राहिली. साडेअकरापासून हॉल कराटेच्या वर्गाचा होता.

बिशपसाहेबांचा चेहरा उजळला. "गायकवृंद वाटतं?" ते रावसाहेबांच्या कानात म्हणाले. "बोलवा, बोलवा आत."

रावसाहेबांना बिशपांचा शब्द मोडणं ठाऊक नव्हतं. त्यांनी हात केला. कराटेमास्तर सयाजी मोरे हा साताऱ्याचा शिस्तीचा माणूस. त्याने वर्गाला आत आणलं, समोर भारदस्त माणूस बसलेला पाहून "रे!" अशी वाकून नमस्कार करण्याची जपानी आरोळी ठोकली, आणि वीसच्या वीस जण कमरेतून वाकले. बिशपसाहेब गहिवरले. एवढी नम्रता त्यांनी मोठमोठ्या मंडळ्यांतही पाहिली नव्हती. त्यांनी उठून, दोन्ही हात पसरून सगळ्यांना आशीर्वाद दिला. वर्ग पुन्हा वाकला.

या गडबडीत सुयश गप्प झाला होता. लोक हसत होते, काही बायका तर डोळे पुसत होत्या. पळून जायला याहून चांगली संधी नव्हती. एक आमेन पुटपुटलं असतं तरी गीत सुरू झालं असतं, अहवालात "उमेदवाराने तीनही मुद्दे मांडले" असं गेलं असतं आणि दीक्षा पदरात पडली असती. हे त्याला लख्ख दिसत होतं. त्याने माइक घट्ट धरला.

"थांबा," तो म्हणाला. "बसा जरा. पुतळाआक्का आज इथे नाहीत. त्या माझ्या घरी स्वयंपाक करतायत. मटणासाठी म्हणून मी त्यांना बोलावलं, पण ते खरं नाही. त्या इथे असत्या तर दुसऱ्या मुद्द्याला आमेन म्हणाल्या असत्या, आणि मला बिशपसाहेबांसमोर तिसरा सांगायचा होता. म्हणून मी त्यांना इथून उठवलं. तिसरा मुद्दा माझ्यावरच आहे. मला पुढे काही येत नाही. मी त्यांना घेऊन येतो."

त्याने माइक खाली ठेवला, कराटेच्या रांगेतून वाट काढली आणि तो हॉलबाहेर पडला. कोणी हसलं नाही. रावसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. बोर्डिंगच्या अधीक्षकासाठी निरोप समारंभ करायचा तर हारतुरे किती लागतील, हा विचार त्यांच्या मनात आलाच.

सुयश समोरच्या बिल्डिंगचा जिना चढला. दार उघडंच होतं. स्वयंपाक कधीच उरकलेला होता. बाजरीच्या भाकऱ्यांची चळत फडक्याखाली होती, रश्श्यावर तवंग आलेला होता, आणि आक्का खिडकीशी उलट्या डब्यावर, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसल्या होत्या. समोर खिडकीत रावसाहेबांचा स्पीकर दिसत होता.

"तुम्ही सगळं ऐकलंत?" सुयशने विचारलं.

"ऐकू न यायला काय झालं? समदं नेरूळ ऐकतंय."

"आक्का, मला माफ करा."

"माफी हायच. पर त्यो दुसरा मुद्दा लई ग्वाड झाला बगा. ऐकनं ह्ये बी काम हाय, म्हनलासा न्हवं, तवाच म्या हितं बसून आमेन म्हनलं. तुमास्नी ऐकू आलं न्हाई."

सुयश मटकन जमिनीवर बसला. "तुम्हाला राग नाही आला? मी तुम्हाला फसवलं."

"फसाय म्या काय कुकुलं बाळ हाय?" आक्का म्हणाल्या. "मटन शिजिवनाऱ्या पन्नास बाया हायत्या मंडळीत. मलाच का, आन् उपासनेच्याच टायमाला का, ह्ये जिन्याखालीच कळलं हुतं मला. गेल्या साली माज्या आमेनापायी तुमची दीक्षा हुकली, त्ये रावसायबानं सांगितलं मला. उचकी काय माज्या हातात न्हाई. म्हून म्या म्हनलं, आपुनच तितं नसावं. पोराची दीक्षा हू दे. न्हाईतर बिशपाला मटन घालाय म्या काय त्याची आत्या लागते?"

इतका वेळ सुयशला वाटत होतं की आपण म्हातारीला उठवलं. म्हातारी आपल्यासाठी स्वतः उठली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा तिने उपासना सोडली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, आणि धापांचा आवाज. कराटेवाल्यांनी हॉल ताब्यात घेतला होता. बिशपसाहेबांनी उभ्याउभ्या उपासना संपवली होती आणि ते वासाच्या दिशेने निघाले होते. मागे रावसाहेब, हौसेराव, नंदिनी. बिशपसाहेबांना झगा उतरवायलाही जागा मिळाली नव्हती. ते तसेच आत आले, कॉटवर बसले, दम खाल्ला आणि म्हणाले, "पुतळाबाई कोण?"

"म्याच. सलाम सायेब."

"सलाम. बाई, मला आज रात्री अहवाल लिहायचाय. उपदेश करणारा तर मधेच उतरून निघून गेला. मी काय लिहू? उपदेश पुरा झाला म्हणू, की अर्धवट राहिला?"

सुयश भिंतीला टेकून उभा होता. वडिलांचा शनिवारचा फोन त्याला आत्ताच ऐकू येत होता.

आक्कांनी जरासा विचार केला. "तितं न्हाई झाला पुरा," त्या म्हणाल्या. "जिना चढून आला न्हवं पोरगा, तवा झाला."

बिशपसाहेबांनी मान डोलावली नाही. "वाढा," एवढंच ते म्हणाले.

आक्का उठायला गेल्या. सुयशने त्यांना खांद्याला धरून बिशपांच्या शेजारी कॉटवर बसवलं. "तुम्ही बसा. मी वाढतो." नंदिनीने भुवया उंचावल्या. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि नवरा डाव कुठल्या हातात धरतो ते तिने अजून पाहिलं नव्हतं. सुयशने आक्कांचं ताट आधी वाढलं. मग रश्श्याचं पातेलं घेऊन तो बिशपांकडे वळला. पातेलं कलंडलं आणि लालभडक रस्सा, तवंगासकट, बिशपसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंत पसरला.

रावसाहेबांच्या तोंडून "देवा!" असा आवाज निघाला. ती प्रार्थनाच होती.

बिशपसाहेबांनी खाली पाहिलं. बोटाने थोडा रस्सा टिपून चाखला. मग ते सावकाश उठले आणि झगा डोक्यावरून काढला. आत अर्ध्या बाह्यांचा जुना चौकडीचा शर्ट होता. झग्याची त्यांनी गुंडाळी केली आणि सुयशच्या हातात दिली.

"धुऊन आण," ते म्हणाले. "डाग राहिला तरी चालेल. पुढच्या महिन्यात तुझ्या दीक्षेला मी हाच घालणार आहे."

हौसेरावने रावसाहेबांना मिठी मारली, ती माथाडीची मिठी असल्यामुळे रावसाहेबांचा श्वास अडकला. नंदिनी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. सुयश तो ओला, तिखट झगा छातीशी धरून खोलीच्या मधोमध उभा होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

"रडाय मागनं बसा, पाळकसायेब," पुतळाआक्का म्हणाल्या. "आदी बिशपास्नी भाकरी वाढा."